समाईक शत्रु गेल्यानंतर

१९४५ सालीं जर्मनी व जपान शरण आले. ज्या अमेरिकेनें व सोव्हिएट रशियानें खांद्यास खांदा लावून तें युद्ध जिंकलें, त्यांच्याच वैरांत १९४९ सालीं जर्मनीचीं दोन राज्यें झालीं. आणि १९६२ सालीं क्यूबाच्या प्रश्नावरून सारें जग अणुयुद्धाच्या कांठावर येऊन उभें राहिलें. हा पाश्चात्यांच्या लोभी वृत्तीचाच परिणाम होय, असें आमच्यांतील पुष्कळ शहाणे म्हणतात. त्यांस आम्ही भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे बोट दाखवितों.

१७०४ सालीं औरंगजेबानें राजगड व तोरणा घेतले. १७०७ सालीं तो अहमदनगर येथें मेला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ज्या शत्रूनें मराठ्यांस एकत्र बांधिलें होतें, तो नाहींसा होतांच गादी कोणाची हा प्रश्न उभा राहिला. आझमशहानें शाहूराजांस सोडलें, त्यांत दुफळीचा हेतु उघड होता. परंतु दुफळीचें बीज आमच्याच घरांत होतें. त्याच सालीं खेडास ताराबाईंची व शाहूंची फौज समोरासमोर आली. या मावळाचा कारभार ज्यांजकडे होता, ते शंकराजी नारायण सचिव ताराबाईंस दिलेलें वचन आणि शाहूंचा हक्क यांच्या कात्रींत सांपडले, आणि भोरजवळ आंबवडें येथें त्यांनीं देह ठेविला. दोन बलाढ्य पक्ष झुंजूं लागले म्हणजे मधल्या प्रामाणिक माणसाची गति ही अशी होते.

अधिकाराचा प्रश्न तलवारीनेंच सुटतो, असें कोणी म्हणेल. मग खेडास धनाजी जाधव शाहूंस मिळाले, तरी तंटा कां मिटला नाहीं? तो मिटावयास १७३१ चा वारणेचा तह लागला. सातारा व कोल्हापूर यांच्या हद्दी ठरल्या, व एकाचे नोकर दुसऱ्यानें ठेवूं नयेत असें ठरलें. या कलमांत अलौकिक असें कांहीं नव्हतें. तीं सुचावयास चोवीस वर्षें मात्र गेलीं. क्यूबाच्या संकटानंतरही १९६३ सालीं वॉशिंग्टन व मॉस्को यांमध्यें थेट तारयंत्र बसलें आणि वातावरणांतील अणुचांचण्या बंद करण्याचा करार झाला. वैर संपलें नाहीं. त्यास कुंपण पडलें.

आमच्या व्यापारी वाचकांस हें नव्यानें सांगावयास नको. भागीदारीचा कागद दुकान उघडतांनाच करावा लागतो; नफा हातीं आल्यावर जो तो आपलाच वांटा मोठा समजतो. राष्ट्रें मात्र युद्ध चालू असतां वांटणीचें नांव काढीत नाहींत, आणि जिंकल्यावर एकमेकांच्या भयानें शस्त्रें वाढवितात.

यास्तव आमची सूचना साधी आहे. तोरणा व राजगड पाहावयास मुलांस अवश्य न्यावें. परंतु परततांना आंबवड्यास थांबावें, आणि शाळेंत वारणेच्या तहाचीं कलमें वाचून दाखवावींत. शौर्य शिकविणाऱ्या देशानें तह करण्याची विद्याही शिकविली पाहिजे. न पेक्षां पुढच्या पिढीस जिंकतां येईल, पण जिंकलेलें सांभाळतां येणार नाहीं.