श्वासाची किंमत

चुलीच्या धुराने किंवा विडीच्या व्यसनाने ज्यांची फुप्फुसे उतारवयात जर्जर होतात, त्यांना साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड आदी औषधांचे इन्हेलर हे चैनीचे जिन्नस नव्हेत, ही गोष्ट सरकारने या औषधांना राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत स्थान देऊन आणि २०१३ च्या दर-नियंत्रण आदेशान्वये त्यांची कमाल किंमत मुक्रर करून केव्हाच मान्य केली आहे. परंतु सूचीबाहेरील संयुक्त औषधांचे इन्हेलर या मर्यादेतून निसटतात, आणि विकार आजन्म सोबतीला असल्यामुळे हा खर्च दरमहा पुन्हा उभा राहतो. मग जरा बरे वाटताच औषध थांबविणे, अथवा एका दिवसाची मात्रा दोन दिवस पुरविणे, हे ओघानेच आले. (पंपापेक्षा भुकटीची कॅप्सूल व तिचे साधे यंत्र पुष्कळदा स्वस्त पडते, हेही रुग्णाला क्वचितच कोणी सांगतो.) जनऔषधी केंद्रांची योजना स्तुत्य खरीच, पण रोजंदारी बुडवून तालुक्याला गेलेल्या माणसाला तेथे माल शिल्लक नसल्याचे उत्तर मिळाले, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इन्हेलर बारमाही व विनामूल्य ठेवण्याची तजवीज आरोग्यखात्याने करावी, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहावे.