पहिला अल्बम फसला तर फसू दे!

मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल बँडचा २००० साली आलेला पहिला अल्बम ‘डेमनस्टीलर’ ऐकून माझी निराशाच झाली. शिराळ्यात नागपंचमीच्या मिरवणुकीला स्पीकर लावणारा माणूस मी. मोठ्या आवाजाला बिचकत नाही. तक्रार उलटीच आहे. माझ्या कानाला आवाज पातळ लागला. गिटार गर्दीत दबलेली, मिक्सरवर बेस कितीही चढवला तरी ड्रमचा ठोका छातीत उतरत नाही.

पण म्हणून तो काढायलाच नको होता, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या ‘जुडास प्रीस्ट’लाही १९७४ च्या आपल्या पहिल्या अल्बमचा, ‘रॉका रोला’चा, आवाज पटला नव्हता, पुढे त्यांनी जग गाजवलं. ‘डेमॉनिक’नेही नेट सोडला नाही. २०१७ मध्ये ‘दशावतार’ काढून मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहाही अवतार मेटलमध्ये बसवले.

आमच्या तालुक्यातली पोरं उद्या गिटार घेऊन बसली, तर त्यांचंही पहिलं रेकॉर्डिंग फसेल. ‘आपलीच पोरं’ म्हणून खोटी वाहवा नको आणि कायमची फुलीही नको. चूक तोंडावर सांगा, अन् दुसरा अल्बम पैसे मोजून घ्या.