‘बोहो’ म्हणताना बंजाऱ्यांचे नाव घ्या

सणासुदीच्या आधी शहरांतल्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांत दोन शब्द हमखास दिसतात: ‘व्हिंटेज’ आणि ‘बोहो’. पहिल्यात पितळी घंगाळाची कुंडी झालेली असते, कंदिलात विजेचा दिवा बसवलेला असतो, नव्या लाकडाला घासून जुने रूप दिलेले असते. दुसऱ्यात आरसे लावलेली उशीची खोळ, कवड्यांचा पट्टा, गोंड्यांचे तोरण, तुकडे जोडून केलेली चादर आणि सुताच्या गाठी मारून विणलेले कुंडीचे टांगणे येते. (लोण्याचे मडके मांजरापासून वाचवायला आपल्या स्वयंपाकघरात जे शिंके असे, त्याचाच हा भाऊबंद.) ही आवड मला मनापासून चांगली वाटते. सगळ्या घरांत एकाच रंगाच्या भिंती आणि एकाच साच्यातले फर्निचर पाहून कंटाळलेल्या माणसाला हाताची खूण असलेली वस्तू हवीशी वाटली, तर ते अगदी स्वाभाविक आहे. पण ही शैली ज्यांच्या गरजेतून आणि बऱ्याचदा हालअपेष्टांतून घडली, ती माणसे ओळखता येतात. त्यांतली पुष्कळशी आपल्याच राज्यात राहतात. त्यांचे नाव आणि त्यांचा मोबदला वगळून केवळ त्यांची नक्षी उचलणे अन्यायाचे आहे. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत आपल्याला हे एका दिवसात समजले, बंजारा भरतकामाच्या बाबतीत अजून समजायचे आहे.

आधी तो शब्दच पाहू. पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात भटक्या लोकांचे तांडे येऊ लागले. १४२७ मध्ये असा एक तांडा पॅरिसच्या वेशीवर पोचल्याची नोंद आहे. हे लोक बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून आले असावेत, अशी फ्रेंचांची समजूत झाली आणि त्यांना बोहेमियन हे नाव पडले. नाव चुकीचे होते. ते लोक रोमा. त्यांची भाषा हिंदुस्थानीच्या नात्यातली आहे, हे योहान ऱ्यूडिगर या जर्मन अभ्यासकाने १७८२ मध्ये मांडले. मराठी माणसाला तर त्यासाठी व्याकरणाचीही गरज नाही: रोमा पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नाक, कानाला कान, माणसाला मनुष आणि सुरीला छुरी. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या कफल्लक चित्रकारांनी आणि लेखकांनी हे नाव स्वतःला लावून घेतले. आन्री म्यूर्जेच्या गोष्टींचे पुस्तक १८५१ मध्ये आले, त्यावरचा पुच्चिनीचा ऑपेरा १८९६ मध्ये, आणि ‘बोहेमियन’ म्हणजे मनमोकळा, चाकोरी न मानणारा कलावंत हा अर्थ पक्का झाला. ज्यांचे हे नाव होते त्यांना मात्र या मोकळेपणातले काही मिळाले नाही. म्यूर्जेच्या गोष्टी पॅरिसमध्ये वाचल्या जात होत्या, तेव्हा आजच्या रोमानियाच्या भागात रोमा माणसे कायद्याने गुलाम होती. ती सुटली १८५०च्या दशकात. त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच नाझींनी किमान दोन लाख, काही अंदाजांनुसार पाच लाख रोमांना ठार मारले.

रोमा म्हणजे आपले बंजारेच, असे अनेकदा ठोकून दिले जाते. तेवढा पुरावा नाही, आणि माझ्या म्हणण्याला त्याची गरजही नाही. दोघांना मिळालेल्या वागणुकीतले साम्य पुरेसे बोलके आहे. बंजारा, म्हणजे गावोगावच्या बोलीत लमाण, हे नाव लवणावरून आले असे मानतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे देशभर फिरत, मोठमोठ्या फौजांना रसद पुरवत. १८५३ नंतर रेल्वे पसरू लागली, मिठावर सरकारी बंधने आली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय एका माणसाच्या आयुष्यभरात संपला. वर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने भटकेपणालाच संशयाच्या यादीत टाकले, आणि अनेक ठिकाणी बंजाऱ्यांनाही ती झळ बसली. हा कायदा रद्द झाला तो १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. या सगळ्या काळात तांड्यातल्या बायका फेटिया (घागरा) आणि काचळी (चोळी) भरत होत्या. ज्या कपड्याला आज ‘बोहो’ म्हणतात त्याची प्रत्येक खूण या जगण्यातून सुटी करून दाखवता येते. चालत्या तांड्याला कपाट-तिजोरी नसते, म्हणून नाणी, कवड्या आणि चांदी अंगावरच राहतात. नवे कापड दुर्मीळ, म्हणून लहान लहान तुकडे जोडून मोठे करायचे. कपडा उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकला पाहिजे, म्हणून जाडजूड, दाट टाके. त्यांत रंगांची जी समज आहे, लाल-निळ्याशेजारी पिवळा नेमका कुठे थांबवायचा याचे जे भान आहे, ते आईकडून मुलीकडे आलेले ज्ञान आहे. बाजार त्याला ‘बेफिकीर’ शैली म्हणतो. एक काचळी भरायला किती दिवस बसावे लागते हे ज्याला माहीत आहे, तो बेफिकीर हा शब्द वापरणार नाही.

या शैलीचा परदेशी प्रवास आपल्या शेजारीच झाला आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात पाश्चात्त्य हिप्पी गोव्यात उतरले. हणजुण्याचा बुधवारचा बाजार त्यांनी स्वतःचे सामान विकण्यासाठी सुरू केला, आणि लवकरच तिथे कर्नाटकातून आलेल्या लमाणी बायका आपले भरतकाम, जुन्या घागऱ्यांचे तुकडे, मणी आणि कवड्यांचे पट्टे घेऊन बसू लागल्या. किनाऱ्यावरून ते कापड पिशव्या, जाकिटे, भिंतीवरचे पडदे होऊन जगभर गेले. इतर अनेक देशांच्या नक्षीत मिसळले, आणि आता ‘बोहो’ नावाने, यंत्रावर छापून किंवा भरून, आपल्या मॉलमध्ये परत आले आहे. आजही किनाऱ्यावर कापडाचे गाठोडे घेऊन फिरणारी लमाणी बाई पर्यटकांना त्रास देणारी फेरीवाली ठरते, तिच्यावर कारवाई होते. आणि तिच्याच नक्षीची छापील नक्कल काचेआड मानाने टांगलेली असते. फेरीवाल्यांचे नियमन करू नये असे मी म्हणत नाही. पण ज्या नक्षीमुळे किनाऱ्याच्या फॅशनला रूप आले, ती नक्षी जिच्या हातात आहे तिच्यासाठी बाजारात हक्काची जागा असणे हा नियमनाचाच भाग असला पाहिजे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसते चामडी सँडल म्हटले, तेव्हा महाराष्ट्र खवळला. तो राग योग्य होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पुढे कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून प्रेरणा कुठून घेतली ते मान्य केले आणि कारागिरांबरोबर काम करण्याची बोलणी सुरू झाली. तेव्हा आपण काय मागितले होते? नाव आणि वाटा, एवढेच. शैली बंद करा असे कोणी म्हणाले नव्हते. तोच न्याय यवतमाळ, वाशीम किंवा नांदेडच्या तांड्यांना लावायचा तर पुण्या-मुंबईतल्या दुकानदारालाही तोच प्रश्न विचारावा लागेल. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे लमाणी, भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे या कामाची ओळख कायद्याच्या चौकटीत बसते हे सिद्धच झालेले आहे. अडचण कायद्याची नसून आपल्या नजरेची आहे. परक्याने घेतले तर चोरी आणि आपण घेतले तर आवड, असे दोन मापांनी मोजता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, संस्कृती घेण्यादेण्यातूनच वाढते. हे खरेच आहे. औरंगाबादच्या हिमरू कापडात इराणी वळण आहे, पारशी बायकांच्या गारा साडीवर चिनी पक्षी आहेत, आणि दोन्ही आपल्याला प्रिय आहेत. पण गाऱ्याची गोष्ट नीट पाहिली तर तो व्यापार होता. कापड भरून घेतले जायचे, पैसे मोजले जायचे, आणि ते चीनहून आले हे कोणी लपवले नाही. घेण्याला कोणाची हरकत नाही. मूळ पुसून घेण्याला आहे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: खुद्द बंजारा मुलीच हा वेश सोडत आहेत, मग इतरांनी त्याचे गोडवे गाण्यात काय अर्थ? त्या सोडत आहेत, आणि तो त्यांचा पूर्ण हक्क आहे. जड फेटिया घालून ऊसतोडीला जाणे सोपे नाही, आणि शाळेत तो घालून गेलेल्या मुलीकडे लोक कसे पाहतात हेही आपल्याला ठाऊक आहे. कोणत्याही समाजाला पर्यटकांसाठी वेश सांभाळायला सांगणे हा उद्धटपणा आहे. पण वेश सोडणे वेगळे आणि हातातली कला कवडीमोलाने जाणे वेगळे. ज्या बाईने फेटिया टाकून साडी नेसली, तिला भरतकामाची योग्य मजुरी मिळाली तर ती ते करील की नाही, हे ठरवण्याची संधी तरी तिला मिळायला हवी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो ‘जुने ते सुंदर’ या समजुतीलाच हात घालतो. जुन्या वस्तूंची ओढ सगळ्यांना सारखी नसते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले होते की, अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि गळ्या-हातांतले जाड दागिने सोडून द्या. त्या दागिन्यांसारखेच दागिने आज ‘ट्रायबल’ आणि ‘बोहो’ म्हणून विकले जातात. ज्या समाजांवर दुसऱ्याचे उतरलेले कपडे वापरण्याची सक्ती होती, त्यांच्या घरात कोरे कापड ही स्वातंत्र्याची खूण आहे, आणि त्या घरातल्या मुलीला जुन्या कपड्यांच्या दुकानाचे आकर्षण वाटले नाही तर तिला पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. वाड्यातले जाते दिवाणखान्यात शोभेला ठेवताना ते पहाटे कोण ओढत होते हेही आठवायला हवे. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो माझ्या म्हणण्याला बळकटीच देतो. वस्तूबरोबर तिचा इतिहास घरात आला पाहिजे, त्यातला दुखरा भागसुद्धा. तो वगळून फक्त रूप घेतले की एकाची जखम दुसऱ्याची सजावट होते.

‘व्हिंटेज’बद्दल थोडक्यात. घासून जुनाट केलेल्या नव्या टेबलाला जुन्या वस्तूचा एकही गुण नसतो: ना मुरलेले सागवान, ना दुरुस्त करता येतील असे सांधे. खरे जुने आपल्याकडून रोज निघून जाते आहे. जुन्या जरीच्या साड्या घरोघरी फिरून विकत घेणारे लोक ती जरी चांदीसाठी वितळवतात. पदर ज्या विणकराने महिनोन्‌महिने विणला, त्याचे काम वजनावर जाते. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चांगली सागवानी खुर्ची मिळते, पण तिचे वेत विणून देणारा माणूस शोधावा लागतो, कारण आपण त्याला काम देणे थांबवले. आपल्याकडे जुन्याचा वापर ही फॅशन नव्हती, व्यवस्था होती. लुगडे विरले की त्याची वाकळ, वाकळ फाटली की दुपटे, मग पोतेरे. उरलेले बोहारणीकडे, तिच्याकडून दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात. दिनकर केळकरांनी पुण्यात जे संग्रहालय उभे केले, तेही अडकित्ते, दिवे, दौती अशा वापरातल्या वस्तूंचे. त्यांनी कारागिराचा हात पाहिला, म्हणून त्या वस्तू आज आपल्याला पाहता येतात.

राहिला पैशाचा मुद्दा. हाताने भरलेली खोळ छापील खोळीच्या कित्येक पट महाग पडते आणि मध्यमवर्गीय घराला ती परवडत नाही, हे म्हणणे प्रामाणिक आहे. पण दर हंगामात पाच छापील खोळी बदलणाऱ्या घराला वर्षानुवर्षे टिकणारी एक परवडते की नाही, हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, हा जागतिक पातळीवर वापरला जाणारा अंदाज आहे. आणि तो कापूस ज्या विदर्भात-मराठवाड्यात पिकतो तिथेच बंजाऱ्यांचे तांडेही आहेत. ज्याला काहीच विकत घ्यायचे नाही, त्याने घरातल्या दोन जुन्या सुती साड्या काढून वाकळ शिवणाऱ्या बाईकडे द्याव्यात आणि तिची मजुरी घासाघीस न करता द्यावी. विक्रेत्यांकडे करायची मागणी याहून सोपी आहे. कोल्हापुरीसाठी राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने क्यूआर कोडची सोय आणली आहे, चप्पल कोणी बनवली हे ग्राहकाला कळावे म्हणून. आरसेकाम केलेल्या प्रत्येक तुकड्यावर तशीच एक चिठ्ठी लागावी: कोणता तांडा, कोणाचा हात, किती दिवसांचे काम. आणि जिथे ते यंत्राचे असेल, तिथे ‘यंत्रावर भरलेले’ असे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.