उलटा बाण

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीच्या सरांनी एक गोष्ट घोटून घेतली होती. रिअ‍ॅक्शन पुढे गेली पाहिजे! दोन्हीकडे बाण असले की उत्पादन कमी, म्हणजे वैताग. आम्ही मुकाट्याने लिहून घेतलं आणि यथावकाश सॉफ्टवेअरमध्ये पळालो. आता वाटतं, चक्क गंडवलं की आम्हाला.

लिव्हरपूलमध्ये अँड्र्यू कूपरच्या गटाने २००९ साली काय केलं बघा. तीन हातांचे चार अल्डिहाइड आणि दोन हातांचे सहा डायअमाइन. हाताला हात जुळला की पाण्याचा एक रेणू सुटतो आणि इमाइनचा बंध होतो. असे १२ बंध झाले की आतून पोकळ, चार तोंडांचा पिंजरा तयार. या पिंजऱ्यांच्या एक ग्रॅम स्फटिकात ६२४ चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग! म्हणजे आपले दहा टू-बीएचके, पार्किंग सोडून.

आता हिशोब करा. समजा प्रत्येक बंध बरोबर जागी पडायची शक्यता ९० टक्के, आणि पडला की कायमचा. बाराच्या बारा बरोबर? जेमतेम २८ टक्के. उरलेला सगळा गुंता. पण इमाइन उलटा फिरतो. चुकीचा हात सुटतो, दुसरा धरतो, आणि होता होता सगळ्यात स्थिर रचना उरते. सरांचा 'वैताग' म्हणजे फुकटातलं डीबगिंग हो!

यावर ठरलेला आक्षेप : असले कच्चे बंध आम्लात तुटतात. तुटतात ना! म्हणून २०१४ मध्ये त्याच गटाने आधी पिंजरा जुळू दिला आणि मग इमाइनचं अमाइन करून टाकलं. पिंजरा पक्का झाला पण लुळा पडला, पोकळी टिकेना. मग फॉर्माल्डिहाइडने आतून टाके घातले. आधी चुका करायची मुभा, कुलूप नंतर. आम्हाला परीक्षेत याच्या बरोब्बर उलटं शिकवलं.

'रेणू आपोआप जुळतात, केवढा चमत्कार!' म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. आपोआप कसलं? हातांचे कोन आधी कोणीतरी डोकं फोडून ठरवलेले असतात.

आणि २०११ मध्ये तर द्रावक बदलून याच जातीच्या एका पिंजऱ्याचे स्फटिक वायूसाठी उघडबंद करून दाखवले. (तिथे बंध नाही, रचण्याची पद्धत बदलते, उगाच श्रेय नको.)

एका प्रश्नाला मी दोन बाण काढले होते. अर्धा मार्क गेला. सर, री-चेकिंगची मुदत संपली का हो?