आपला माणूस राखण्याची किंमत

खेळाडूंच्या पगारखर्चाला मर्यादा घालण्याची कल्पना एखाद्या समाजवादी देशाने नव्हे, तर भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने उचलून धरावी, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. तेथील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आणली. त्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती साडेपंधरा कोटींच्या आसपास ठरली. हेतू सरळ होता. श्रीमंत शहरांतल्या मालकांनी सगळे गुणी खेळाडू पळवू नयेत.

मात्र नियम करणाऱ्यांनी एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली. संघाला स्वतःच्याच खेळाडूशी पुन्हा करार करायचा असेल, तर मर्यादा ओलांडण्याची मुभा मिळाली. बोस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्डच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. खेळाडूने साधारणतः तीन हंगाम संघ सोडून जाता कामा नये, एवढीच अट. बँकेत उभे आयुष्य गेलेल्या मला ही रीत ओळखीची वाटते. नव्या कर्जदाराला मर्यादेबाहेर एक रुपया मिळत नाही. जुन्या, विश्वासातल्या खातेदारासाठी मात्र हात थोडा सैल सोडला जातो. १९९७-९८ मध्ये शिकागो बुल्सने एकट्या मायकेल जॉर्डनला ३ कोटी ३१ लाख डॉलर दिले, तेव्हा साऱ्या संघाची मर्यादा होती २ कोटी ६९ लाख!

सवलत आली की पळवाट आलीच. मिनेसोटाच्या संघाने जो स्मिथ या खेळाडूशी गुप्त करार केला: आधी काही वर्षे कमी पैशांत खेळ, मग या सवलतीतून घसघशीत रक्कम घे. २००० साली बिंग फुटले. लीगने ३५ लाख डॉलरचा दंड केला आणि नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरीतले पाच हक्क काढून घेतले; पुढे ही शिक्षा थोडी सौम्य झाली.

तेव्हापासून खिडकी बंद झालेली नाही, पण तिच्यावर कर बसला आहे. ठरावीक रेषेपलीकडे खर्च करणाऱ्या संघाला जबर कर भरावा लागतो. २०१२ मध्ये अंतिम फेरी गाठलेल्या ओक्लाहोमा सिटीचे जेम्स हार्डनशी नव्या कराराच्या रकमेवर जमले नाही आणि त्याला ह्यूस्टनला धाडण्यात आले. २०२३ च्या करारनाम्याने आणखी वरची रेषा आखली. ती ओलांडणाऱ्याचे नुसते पैसेच जात नाहीत, तर खेळाडूंची अदलाबदल करण्याचे मार्गही आवळले जातात. २०२४ चे विजेते सेल्टिक्स २०२५ च्या उन्हाळ्यात याच कात्रीत सापडले. ज्यांचे करार त्यांनी आपणहून वाढवले होते, ते हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघेही दुसऱ्या संघांकडे गेले. बर्डच्याच संघावर ही पाळी यावी!

या कडकपणाने काही साधले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते ठरले. सातवा होता ओक्लाहोमा सिटी, लहान शहराचा संघ. विजयानंतर त्याने आपल्या तिन्ही प्रमुख खेळाडूंशी मोठे करार केले. त्यांचा भार पुढच्या हंगामांत पडत जाईल आणि हार्डनच्या वेळचा प्रश्न पुन्हा दार ठोठावेल.

माझा आक्षेप एवढाच आहे. बाहेरून विकत आणलेला तारा आणि घरी वाढवलेला पोर, या दोघांचा पगार करासाठी एकाच तागडीत तोलला जातो. स्वतः निवडून घडवलेल्या खेळाडूच्या पगाराचा काही हिस्सा या हिशेबातून वगळला, तर समता फारशी ढळणार नाही आणि आपला नायक आपल्याच गावात म्हातारा होताना पाहण्याचे सुख लहान शहरांनाही मिळेल. संपत्तीची मक्तेदारी मोडायलाच हवी. पण ती मोडताना माणसे राखणाऱ्याला दंड होऊ नये, याची काळजी नियम करणाऱ्यांनीच घ्यायची असते.