बियाणं तिचं, वावर कुणाचं?

गेल्या पेरणीआधी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बायकांची बैठक होती. विषय होता घरच्या बियाण्यांचा. एका मावशींनी आपली मडकी मांडली. राखेत घोळलेली चवळी, मूग, उडीद, अंबाडी, तीळ, वाळूक. "हे वाळूक माह्या मायनं लग्नात पदरात बांधून देल्लं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "मावशी, तुमचं वावर किती?" त्या हसल्या. "माह्यं कुठी हाय बाई? मालकाचं होतं, आता पोराइचं हाय."

समाजकार्याचं एम.ए. करताना 'लोकसहभाग' या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली. त्या एका वाक्याचं उत्तर मात्र त्यात नव्हतं.

आपल्या विदर्भ-मराठवाड्यात कपाशी-ज्वारीच्या ओळींत बायका इरवड घालत. तिफणीमागे सरता धरून तुरीची ओळ सोडायची आणि मधेमधे चवळी, भेंडी, तीळ, काकडी टोकायची. यामागे हिशेब होता. मूग दोन महिन्यांत हाती येतो, तूर पाच-सहा महिने उभी राहते आणि तिचं मूळ खोल जातं. कडधान्यं जमिनीला नत्र देतात. पावसानं दगा दिला तरी सगळंच एकदम जात नाही. कपाशीचा पैसा पुरुषाच्या हाती गेला तरी इरवडीची भाजी बाईच्या चुलीवर शिजे.

पुढे सोयाबीनचा पेरा वाढला. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तणनाशक आलं, तशी इरवड बसेना. तांदुळजा, घोळ, पाथरी या रानभाज्याही जळाल्या. निंदणाची मजुरी गेली ती बायकांचीच. ही निवड मात्र त्यांना विचारून झाली नव्हती.

आता पुन्हा देशी वाणांचं कौतुक होतं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण 'बाई म्हणजे बीजमाता' असं म्हणून हात जोडले की काम संपतं का? माहेरचं वाळूक सासरच्या मातीत रुजलं, गावानं ते आपलं मानलं. ते आणणारी बाई मात्र चाळीस वर्षांनंतरही 'अमक्याची बायको' आणि नवरा गेला की 'पोरांची जबाबदारी'. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्केच होत्या.

कायदा नाही असं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुलांबरोबरीनं वाटा दिला. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली दिला. नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबारावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासूनची आहे. अडतं ते घरात. "भावाशी वाकडं कशाला?" "पोरं काय टाकून देणार आहेत?" या प्रश्नांपाशी.

आणि मैत्रिणींनो, आपल्या गटांकडेही पाहू या. इरवडीत अंतर राखावं लागतं, नाहीतर उंच ज्वारीच्या सावलीत मूग खुरटतो. आपल्या बैठकीत जमीनवाल्या घरची बाई बोलते आणि भूमिहीन दलित बाई, पारधी बाई, टाकलेली बाई दाराशी बसते. 'आम्ही साऱ्या एक' म्हटल्यानं ही सावली हटत नाही. भूमिहीन बाईला बियाणं वाटून उपयोग काय? तिला ते लावायला जागा हवी.

म्हणून मला वाटतं, यापुढे जिथे बियाण्यांचं प्रदर्शन भरेल तिथे तलाठ्यालाही बोलवावं. मडक्यांशेजारी वारसनोंदीचे अर्ज ठेवावेत. गावठाणातल्या, गायरानातल्या पडीक जागेवर भूमिहीन बायकांच्या गटाला लागवड करू द्यावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा.

मावशींनी फेरफारासाठी अर्ज केला आहे. थोरला मुलगा महिनाभर बोलला नाही. वाळूक मात्र त्यांनी यंदाही लावलं.