टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही?



"टेस्टर पेटला नाही, म्हणजे करंट नाही." हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते चुकीचं आहे आणि जीवघेणंही.

मागच्या चातुर्मासात आमच्या वॉशिंग मशीनला हात लावला की कामाच्या मावशींना झिणझिण्या येत. वायरमनने सॉकेटला टेस्टर लावला, तो पेटला. "लाइन बरोबर आहे, ओला हात लावू नका," म्हणून तो गेला. म्हणजे दोष मावशींच्या हाताचा! मग मी मल्टीमीटर आणला आणि दुसऱ्या वायरमनला माझ्यासमोर मोजायला लावलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230च्या आसपास व्होल्ट, पण फेज आणि अर्थमध्ये तेवढे येईनात. सॉकेटमागे अर्थिंगची वायर सुटलेली होती.

पेनसारख्या टेस्टरमधला निऑन दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी थोड्या करंटवर पेटतो. पायात रबरी चप्पल असेल, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं असू, तर तो मंद पेटतो. उन्हात दिसतही नाही. न्यूट्रल तुटली की तिथंही पेटतो. अर्थिंग आहे की नाही, हे तर सांगतच नाही. वायरजवळ नेल्यावर वाजणारा नवा टेस्टर शेजारच्या वायरमुळेही वाजतो आणि लोखंडी पाइपातली वायर त्याला कळत नाही.

मी बी.कॉम. झाले. एकाच बाजूची नोंद बघून ताळा जुळला असं आम्ही म्हणत नसू. वीजही दोन टोकांमध्येच मोजावी लागते. म्हणून मीटर घ्या, त्यावर 'कॅट थ्री' लिहिलेलं बघा. वायरमनने फक्त त्या जागेचा पुरवठा बंद केला की त्याला सांगा: आधी चालू सॉकेटवर मीटर तपासा, मग बंद केलेली जागा बघा, मग पुन्हा चालू सॉकेट. शेवटचं बघणं गाळू नका. मीटर मध्येच बिघडला असेल तर तिथंच कळतं.

"हे पुरुषांचं काम," असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: ओल्या हाताने मिक्सर, गिझर, मशीन कोण लावतं? आपण आणि मावशी. वायर जोडायला वायरमन हवाच. पण काय मोजलं, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवांसाठी आपण पाणी गाळून घेतो. मग समोर दिसणाऱ्या मावशींच्या जिवासाठी दोन आकडे मोजून घ्यायला नकोत?